तिच्या गाण्याची तिसरी ओळ

दिवाळी उलटली, पहाटे पांघरूण गळ्यापर्यंत ओढावंसं वाटायला लागलं आणि परवा संध्याकाळी मळीचा वास आला. म्हणजे साखर कारखाना सुरू झाला. बेलापुरात आम्हाला त्यासाठी वर्तमानपत्र बघावं लागत नाही. गोडसर, जरा आंबूस, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरणारा तो वास आता उन्हाळा लागेपर्यंत घरातलाच होऊन राहील. करुणाला, माझ्या बायकोला, तो सोसायचा नाही. पहिल्या दिवशी ती सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि आठवड्याभरात विसरून सगळं उघडं टाकायची. गेल्या नाताळानंतर थोड्याशा आजारात ती गेली. परवा वास आला तेव्हा मी सवयीनं खिडकी लावायला उठलो, तिथंच थोडा वेळ उभा राहिलो आणि खिडकी तशीच ठेवून परत येऊन बसलो.

संगमनेरला माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, अनघा. ती एक लहानसं वाचनालय चालवते आणि त्याचा वार्षिकांक काढते. तिचा फोन आला.

"सर, आमच्या अंकासाठी लिहा ना. सध्या काय वाचताय, काय ऐकताय, काय बघताय. कशानं बरं वाटतंय, असं काहीतरी."

"फारसं काही नाही गं."

"तुम्ही आणि काही वाचत नाही? इतिहासाच्या तासाला बाकाखाली गोष्टीचं पुस्तक सापडलं की जप्त करायचात, आणि मधल्या सुट्टीत स्वतःच वाचत बसायचात. आम्ही खिडकीतून बघायचो."

हे खरं आहे. म्हणून लिहायला बसलो आहे.

वाचन चालू आहे, पण ते चालतं म्हणण्यापेक्षा रांगतं. थंड प्रदेशांतली प्रवासवर्णनं वाचतो. बर्फ, तळी, लाकडी घरं. एक पान झालं की पुन्हा तेच पान. पूर्वी संध्याकाळी करुणा सुपात धान्य घेऊन बसायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. मध्येच तिचा हात थांबायचा. "ते वाक्य पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हणायचो. त्या वाक्यात काय होतं हे मला कधी कळायचं, कधी कळायचं नाही. पण ते वाक्य लक्षात राहायचं. आता कुठलं वाक्य पुन्हा म्हणायचं हे सांगणारं कोणी नाही, त्यामुळे सगळी वाक्यं सारख्याच वजनाची वाटतात.

बघण्याचं म्हणाल तर या दिवसांत रस्त्याकडेला उभं राहिलं तरी पुरतं. उसाच्या ट्रॉल्या रंगून येतात. वळणावर एक रंगारी बसतो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तो मोर काढतो, कमळं काढतो, घरातल्या पोरांची नावं वळणदार अक्षरांत लिहितो. मागच्या आठवड्यात मी तिथं बराच वेळ उभा होतो. ट्रॅक्टरवाला कमरेवर हात ठेवून मोराकडे बघत म्हणाला, "औंदाचा मोर लईच लुकडा काढला की रं."

रंगाऱ्यानं ब्रशसुद्धा थांबवला नाही. "ऊस भरला की फळी फुगती. मग बघ, तुझ्यावानी दिसंल."

ट्रॅक्टरवाल्याचं पोट खरंच सुटलेलं होतं. तो स्वतःच आधी हसला. हंगाम संपेपर्यंत धूळ आणि पाचट त्या मोराला खरवडून काढतील, हे दोघांनाही माहीत होतं. तरी शेपटीतल्या एकेका डोळ्याला तो रंगारी निळ्यात पुन्हा हिरवा ठिपका देत होता. मला ते बघायला आवडलं. का आवडलं हे अनघाला नीट सांगता येईल असं वाटत नाही.

राहिलं ऐकणं. गेले काही महिने मी गाणं ऐकणं टाळत आलो. रेडिओ कपाटावर गेला. ट्रॅक्टरवरचे कर्णे आले की मी घरात मागच्या खोलीत जातो. माझ्या घरात गाणं हे करुणाचं खातं होतं. मला सूर कळत नाहीत. ती गात असली की घर कुठल्या मनःस्थितीत आहे तेवढं कळायचं.

आणि नेमका आता आमच्या मंडळीच्या हंगामाच्या सणाचा सुमार आला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे लोक, आणि चर्चला जुनी माणसं अजून देऊळच म्हणतात. बाजरी घरात आली, की एका रविवारी सगळे आपापल्या पिकातलं पहिलं काहीतरी घेऊन तिथं येतात. बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, मेथीच्या जुड्या, कोंबडी, अंडी, लोणच्याची बरणी. वेदीसमोर ढीग लागतो. त्या दिवशी देवळात प्रार्थनेइतकाच कोथिंबिरीचा वास असतो. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्याच वस्तूंचा लिलाव होतो. हे बहुतेक गावांत आहे. आमच्याकडे त्यात एक भर पडली ती करुणामुळे. आम्हाला शेत नाही. मी शाळेत मास्तर, ती बालवाडीत. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ती रिकाम्या हातानं जायला तयार होईना, तेव्हा तिनं स्वतः केलेलं एक गाणं नेलं. वेदीसमोर उभी राहून म्हटलं आणि जागेवर येऊन बसली. बाहेर लिलावाच्या वेळी कोणीतरी थट्टेत ओरडलं, "मग बाईंच्या गान्याची बोली न्हाई व्हय?" आणि बोली झाली. गाण्याला पैसे कसे लावणार, म्हणून बोली जेवणाची. जो सगळ्यांत चांगलं जेवण घालील त्याच्या घरी मंडळी जाऊन ते गाणं म्हणणार. थट्टा होती, ती रीत होऊन बसली. दर साली करुणाचं एक नवं गाणं, आणि त्याच्यावर लिंबाखाली पुरणपोळीपासून कोंबडीच्या रश्श्यापर्यंत आरडाओरडा.

नवीन गाण्याची चाल ती सूप पाखडताना लावायची. सुपाचा एक ठेका असतो; दोनदा वर, एकदा आदळून. त्याच्यावर ती शब्द टाकून बघायची. एक चाल झाली की दुसरी. मग मला हाक.

"ऐका हो. ही बरी का मघाची?"

"दोन्ही बऱ्या आहेत."

"तुम्हाला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं. भिंत निदान चष्मा तरी लावत नाही."

गेल्या सालचं गाणं चार ओळींचं होतं. बाकीची कडवी झाली नाहीत.

उफण रे देवा मला,
धर वाऱ्यावर सूप;
उडू दे सारं फोल,
राहू दे दाण्याचं रूप.

तिसऱ्या ओळीसाठी तिनं फार दिवस घालवले. पहिल्या दोन ओळी सुपाच्या ठेक्यावर सरळ चालतात. तिसरीला ती आवाज एकदम वर न्यायची आणि 'फोल'पाशी तसाच वर सोडून द्यायची, पुरा न करता. एक क्षण काहीच नाही. मग खाली, अगदी बोलल्यासारखं, 'राहू दे दाण्याचं रूप'. मला सूर कळत नाहीत असं मी वर म्हटलं, पण ती रिकामी जागा मला कळली होती. तेवढ्या एका जागेसाठी मी वाचता वाचता पुस्तक खाली ठेवायचो.

सणाच्या दिवशी ते गाणं मार्थामावशीनं जिंकलं. मार्थामावशी आमच्या मंडळीतली सगळ्यांत वयस्कर बाई, आणि तिच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांपुढे बोली लावायची कोणाची टाप नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या अंगणात मंडळी जेवली, गाणं झालं. शेजारची कमलही होती. कमल देवळातली नव्हे. तिच्या घरी खंडोबाचा टाक आहे. पण तिच्या शेतात मार्थामावशी आणि आमच्यातल्या बऱ्याच बायका कामाला असतात, म्हणून ती आली, शेंगोळे खाल्ले आणि गाणं घेऊन गेली.

मोबाईलवर कोणीतरी सणाचं चित्रण केलेलं आहे. मी ते पाहिलं. ढोलकी आणि लहान मुलांचा गलका इतका आहे की तिसऱ्या ओळीला करुणाचा आवाज मुळीच ऐकू येत नाही. फक्त तिची हनुवटी वर जाताना दिसते.

गेल्या महिन्यात दुपारी मी कालव्याच्या कडेनं फिरायला गेलो होतो. कमलच्या शेतात कांद्याची लागण चालली होती. वाफ्यांत पाणी सोडलेलं, बायका ओळीनं वाकलेल्या, एका हातात रोपांची जुडी, दुसऱ्या हाताचं बोट चिखलात. आणि त्या गात होत्या. आधी शब्द ओळखू आले, मग पाय थांबले.

'उफण रे देवा मला' ठीक होतं. 'धर वाऱ्यावर सूप' ठीक होतं. तिसऱ्या ओळीला मी वाट बघत उभा राहिलो, आणि आवाज वर गेलाच नाही. तो खालीच राहिला आणि 'उडू दे, उडू दे सारं फोल' असा दोनदा होऊन, रोप टोचायच्या ठेक्यात, पुढच्या ओळीत मिसळून गेला. ती रिकामी जागा भरून गेली होती. एका रोपापासून दुसऱ्या रोपापर्यंत हात जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते 'उडू दे' बरोबर बसत होतं.

कमलनं मान वर केली. "सर, या की. चहा येतोय."

"नको. चालू द्या."

"बाईंचं गानं म्हनतोय बघा. लई भारी लागतंय ह्याच्यावर. येळ कसा गेला कळत न्हाई."

मी हसलो असेन. घरी आल्यावर चप्पल न काढताच बसून राहिलो. राग आला म्हणणं बरोबर नाही. घरात पाहुणे यावेत आणि त्यांनी तिची खुर्ची आपल्या सोयीनं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावी, तसं काहीसं झालं. ती गेल्यावर तिच्या साड्या मी दिल्या, भांडी दिली, त्याचं काही वाटलं नाही. पण तिनं स्वतः केलेलं, फक्त तिचंच असं या गावात काय उरलं होतं, तर त्या ओळीतली ती एक जागा.

वाकून काम करताना वरचा सूर धरता येत नाही, छाती दाबलेली असते, हे मला कळत होतं. इतिहास शिकवणाऱ्याला हेही माहीत असतं की तोंडातोंडी चालणारी गोष्ट जशीच्या तशी राहत नाही. वर्गात मी ते कौतुकानं सांगत असे. जात्यावरची ओवी गावागणिक कशी बदलते, एका गावातला भाऊ दुसऱ्या गावात दीर कसा होतो. मुलं हसायची, मीही हसायचो. पण त्या ओव्या करणाऱ्या बायकांपैकी कोणाचाही नवरा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला नव्हता.

एक गंमत मात्र मनात राहून गेली. आता सुपानं उफणतं कोण? मळणीयंत्र येतं, धान्य एकीकडे, भुसा दुसरीकडे, तासाभरात काम संपतं. त्या लागणीतल्या तरुण मुलींपैकी एकीनंही वाऱ्याची वाट बघत सूप हातात धरलं नसेल. तरी तोंडात सूप होतं, फोल होतं, वारा होता. जे हातातून गेलं ते गाण्यात राहिलं होतं. मी स्वतःला हे पुनःपुन्हा सांगत होतो, आणि तिसरी ओळ आली की ते सांगणं बंद पडत होतं.

सण जवळ आला तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. नव्या उमेदीचा माणूस, बोलण्याआधी अडखळतो.

"सर, मंडळीचं म्हणणं आहे, यंदा नवं गाणं नाही, तर बाईंचं गेल्या सालचंच वेदीसमोर म्हणावं. तुमची हरकत नसली तर."

"हरकत कशाला? पण ते चुकीचं म्हणताहेत सगळ्याजणी."

"शब्द चुकताहेत का?"

"चाल. एका ठिकाणी."

"मग तुम्ही सरावाला या. सांगा त्यांना."

मी येतो म्हणालो. त्या आठवड्यात माझा वेळ कसा गेला हे लिहायला संकोच वाटतो. इतक्या महिन्यांनी मी मोबाईलवरचं ते चित्रण पुन्हा लावलं. तिची हनुवटी वर जाते तिथं थांबवलं. सूप काढलं, त्यात मूठभर बाजरी घेतली आणि पाखडत बसलो. मला पाखडता येत नाही. अर्धी बाजरी फरशीवर गेली. ठेका मात्र सापडला. दोनदा वर, एकदा आदळून. पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात लागल्या. तिसरीलाही ती वर जाताना ऐकू आली, स्पष्ट. मी मोठ्यानं म्हणून बघितलं नाही. ते आपल्याला माहीत आहे, एवढं पुरेसं वाटलं.

काल सरावाला गेलो. संध्याकाळचं ऊन देवळाच्या दारातून सतरंजीवर आलं होतं. कोपऱ्यात सणासाठी आणलेले दोन भोपळे आधीच येऊन बसले होते. बायका एका बाजूला, मार्थामावशी त्यांच्या पुढे, हातात टाळ. कमलही आली होती, दाराजवळ, चपला बाहेर काढून. पुरुषांच्या बाजूला चार जण आणि पेटीवर पाळकसाहेब स्वतः.

"सलाम, सर," मार्थामावशी म्हणाली. "या. आमची परीक्षा घ्यायला आलाय म्हनं तुमी."

"परीक्षा कसली मावशी. एक ओळ सांगायची आहे."

"आमच्या साळंत मास्तर छडी घेऊन यायचे. तुमची कुठंय?"

बायका हसल्या. मग त्यांनी गाणं म्हटलं, सगळं, त्यांच्या पद्धतीनं. 'उडू दे, उडू दे' आलं आणि गेलं. गाणं संपल्यावर मार्थामावशीनं टाळ मांडीवर ठेवला.

"बाईंनी अशीच लावलेली ना?"

"नाही," मी म्हणालो. "तिसरी ओळ तिची वेगळी होती."

कमलनं पदर सारखा केला. "आमी इस्कटली का काय?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात खरोखरची भीती होती, आणि ती मला अपेक्षित नव्हती.

"इस्कटली नाही. वेगळी झाली."

"मग दावा की म्हनून," मार्थामावशी म्हणाली. "आमी तशी म्हनू. बाईंची ती बाईंची."

त्या सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खरंच हवी होती ती ओळ. इतकी वर्षं मी वर्गापुढे उभा राहिलो, पण गाणं म्हणायला कधीच नाही. पाळकसाहेबांनी पेटीवर एक सूर धरला. मी मांडीवर हात आपटून ठेका घेतला. दोनदा वर, एकदा आदळून.

पहिली ओळ निघाली. फाटकी, पण निघाली. दुसरीही. मग मी श्वास घेतला, हनुवटी वर केली, आणि 'उडू दे' म्हणालो, आणि आवाज वर गेला नाही. तो खाली आला, सरळ, जसा कमलच्या शेतात आला होता तसा. मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुरू करायच्या आधी मी मनात ती जागा शोधली. आतापर्यंत ती तिथंच होती. आठवडाभर होती. आता तिथं मला चिखलात रुतणारी बोटं ऐकू येत होती, आणि वाकलेल्या बायकांचा श्वास. तिचा आवाज नव्हता. ती वर जायची एवढं माहीत होतं. किती वर, कुठून वर, ते गेलं होतं.

"असंच तर आमी म्हनतो," कमल हळूच म्हणाली.

पाळकसाहेबांची बोटं पेटीवर तशीच होती, सूर अजून चालू होता. मार्थामावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं ते मला माहीत नाही. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. टाळ उचलला आणि बायकांकडे मान केली.

"चला. सरांच्या संगं. पहिल्यापास्नं."

त्या गाऊ लागल्या. मी उभाच होतो. माझ्या ओठांवरही शब्द होते, त्यांच्या मागून, अर्ध्या आवाजात. पुरुषांकडून कोणीतरी सरकून जागा केली आणि मी बसलो. तिसरी ओळ आली. मी म्हटली. बायका एकदम थांबल्या.

"सर," मार्थामावशी म्हणाली, "'उडू दे' दोनदा हाय. तुमी एकदाच म्हनता नि थांबता. मागं ऱ्हाता."

"हो," मी म्हणालो.

"म्हना बरं."

मी दोनदा म्हटलं.